हात वर जातो का?

पुण्यातल्या बऱ्याच रुग्णालयांत आज स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेली बाई घरी निघते, तेव्हा औषधांच्या चिठ्ठीबरोबर तिला व्यायामाचा एक कागद मिळतो. मूठ उघडा-मिटा, कोपर वाकवा, खांदा फिरवा, भिंतीवर बोटं चढवा. नव्या डॉक्टरांच्या हे इतकं अंगवळणी पडलंय की पूर्वी असा कागद नसायचा म्हटलं तर त्यांना नवल वाटतं. मी १९८०च्या दशकात मुंबईत फिजिओथेरपी शिकून, लग्न होऊन पुण्यात आले, तेव्हा तो नव्हता. माझ्याकडे फ्रॅक्चरचा खांदा यायचा, पोलिओचा पाय यायचा, अर्धांगवायूचा हात यायचा. छातीचं ऑपरेशन झालेली बाई यायची ती शेजारणीने सांगितलं म्हणून, आणि तीही खांदा पार आखडून गेल्यावर.

तिला माझा पहिला प्रश्न असायचा, "हात वर जातो का?" बाई उत्तर द्यायच्या आधी सोबत आलेल्या माणसाकडे बघायची. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आता हाताची तक्रार कसली करायची, असा तो संकोच असायचा. हा संकोच घालवायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांचा इतिहास सर्जनच्या सुरीच्या, किरणांच्या आणि औषधांच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला आहे. मला तो हाताच्या बाजूने सांगायचा आहे. या आजारावर जे जे केलं गेलं त्याची खूण बाईच्या हातावर राहिली. बाई जगली का, हे वैद्यकाने लवकर मोजायला घेतलं. ती कशी जगते आहे, हे विचारायला मात्र फार उशीर केला.

सुरुवात करावी लागते ती विल्यम हॉलस्टेडपासून. या अमेरिकन सर्जनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला एक नवी शस्त्रक्रिया केली आणि १८९४ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या ५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. तीत पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढलं जायचं. कर्करोग एका ठिकाणी उगवतो आणि तिथून शेजारी-शेजारी सरकत जातो, तेव्हा जितकं रुंद कापावं तितकी बाई सुरक्षित, असं त्यामागचं गणित होतं. त्या काळी गाठ मोठी झाल्यावरच बाई डॉक्टरपुढे यायची आणि ऑपरेशननंतर त्याच जागी आजार पुन्हा डोकं काढायचा. हॉलस्टेडच्या पद्धतीने हे पुन्हा उद्भवणं खरोखरच कमी झालं. त्यामुळे जगभरच्या सर्जननी ती पद्धत उचलली आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं सोडली नाही.

छातीचा मोठा स्नायू हात पुढे आणतो, आत वळवतो, ढकलायला जोर देतो. कणीक तिंबणं, भाकरी थापणं, पाट्यावर वरवंटा ओढणं ही सगळी त्याची कामं. तो गेला की बरगड्यांवर नुसती कातडी उरते, आणि व्रण आक्रसत गेला की तो खांदाही ओढून घेतो. काखेतल्या गाठी काढताना दंडाच्या आतल्या बाजूला जाणारी एक बारीक नस बहुधा कापली जायची. तिथली कातडी बधिर व्हायची. चुलीचा, तव्याचा चटका बसलेला बाईला कळायचाच नाही. फोड दिसला की कळायचं. मी काम सुरू केलं तेव्हा हॉलस्टेड पद्धत मागे पडत चालली होती, पण ती झालेल्या वयस्कर बायका भेटायच्या. वाड्यातल्या उंच दांडीवर काठीने लुगडं वाळत घालणं, फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढणं, वेणी घालणं, पीएमटीच्या बसमधला वरचा दांडा धरणं, हे सगळं त्यांनी आयुष्यातून वजा केलं होतं. त्यातल्या एक बाई मला म्हणाल्या होत्या, "मला कुणी सांगितलंच नाही की हात परत येतो म्हणून."

हात परत येतो, हे आधी सांगितलं ते एका रुग्णबाईनेच. न्यूयॉर्कच्या टेरीझ लॅसर यांचं असंच मोठं ऑपरेशन झालं होतं. पुढे काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नाही, म्हणून १९५२ पासून त्या स्वतःच रुग्णालयांत जाऊन नुकतंच ऑपरेशन झालेल्या बायकांना भेटू लागल्या. जाताना एक दोरी आणि रबरी चेंडू नेत. चेंडू मुठीत दाबायचा, दोरी दारावरून टाकून एका हाताने दुसरा वर ओढायचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बाई वॉर्डात येते कशी, म्हणून सुरुवातीला बराच विरोध झाला. तरी 'रीच टू रिकव्हरी' नावाने ते काम वाढलं आणि १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपलं मानलं. आज आम्ही जो कागद देतो त्याचं मूळ त्या दोरीत आणि चेंडूत आहे.

पुण्याला खरं तर गमावलेल्या अवयवांची जाण जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये इथे आर्टिफिशियल लिम्ब सेंटर उभं राहिलं. १९७४ मध्ये खडकीला, कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर निघालं. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर १९५२ च्या सुमारास केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, ते देशातलं पहिलं. म्हणजे निकामी झालेला हात-पाय पुन्हा कामाला लावण्याची विद्या आपल्या दाराशी होती. सैनिकाचा हात हे देशाचं काम मानलं गेलं, मुलाचा पाय हे आईबापांचं आणि सरकारचं. कर्करोगातून उठलेल्या बाईचा हात मात्र कुणाच्याच यादीत नव्हता. ती फार दिवस जगेल असं कुणी धरलेलंच नसायचं. मग हाताचा विचार कोण करणार?

पुण्याची बाई उपचारांना जायची ती बहुतेक मुंबईला. मेहेरबाई टाटांचं १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झालं. त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय बांधलं गेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. तेव्हापासून "टाटाला दाखवलं का?" हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. सकाळच्या डेक्कन क्वीनने दादरला उतरायचं, तिथून परळ, रांग, केसपेपर, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. ज्यांचं मुंबईत कुणी नाही ते दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत उतरायचे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना त्या धर्मशाळेतल्या ओळखी वर्षानुवर्षं पुरायच्या. तिथेच एकमेकींचे व्रण पाहिले जायचे. रुग्णालयात जे विचारायचं धाडस नव्हतं ते तिथल्या व्हरांड्यात बोललं जायचं.

मोजणीचं कामही मुंबईतूनच सुरू झालं. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांच्या पुढाकाराने स्थापन झाली, आणि १९६३ मध्ये मुंबईत देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. सत्तरच्या दशकात पुण्याचीही नोंद घेतली जाऊ लागली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला, डॉ. भगवान नेने यांच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. ही फार मोलाची कामं आहेत. आपल्या शहरांत बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर गेला, हे या वह्यांमुळेच कळलं. त्या वहीत नाव, वय, गाव, आजार, निदानाची तारीख असते आणि मृत्यूची तारीख असते. मधली जी वर्षं बाई जगते त्यांना तिथे रकाना नाही.

दरम्यान सुरी लहान होत गेली. लंडनच्या डेव्हिड पॅटी यांनी १९४८ मध्ये छातीचा मोठा स्नायू जागेवर ठेवून ऑपरेशन करता येतं असं दाखवलं. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांनी हॉलस्टेडचं गणितच नाकारलं. हा आजार सुरुवातीपासूनच रक्तावाटे अंगभर जाऊ शकतो, तेव्हा रुंद कापून जास्तीचं काही हाती लागत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात लहान गाठ असलेल्या ७०१ बायकांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्यांचा स्तन पूर्ण काढला, निम्म्यांचा फक्त गाठीभोवतीचा भाग काढून किरणं दिली. फिशर यांनी १९७६ पासून १,८५१ बायकांवर तशीच चाचणी केली. २० वर्षांनी, २००२ मध्ये, दोन्हींचे निकाल एकदमच प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या होत्या. या निकालांमागे हजारो बायका आहेत, ज्यांनी आपलं शरीर चिठ्ठीच्या हवाली केलं. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण आज वाचलेला प्रत्येक स्नायू त्यांचं देणं आहे.

आपल्याकडे हे लवकर का आलं नाही, याची कारणं मी रोज पाहत होते. स्तन वाचवायचा तर नंतर किरणं घ्यावी लागतात. बायका त्याला 'शेक' म्हणतात. शेक म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा आठवडे. वेल्ह्याची किंवा पुरंदरची बाई इतके दिवस पुण्यात राहणार कुठे? गुरं, लेकरं, भात लावणी कोण बघणार? "त्यापेक्षा पूर्ण काढून टाका, मला घरी जायचंय" असं ती स्वतःच म्हणायची. शिवाय गाठ सुपारीएवढी असताना कुणी येतच नसे. दुखत नाही म्हणून थांबायचं, मग लाज म्हणून थांबायचं, मग घरातलं लग्न होऊ दे म्हणून थांबायचं. पुढे ब्रिटनमधल्या चाचण्यांनी शेक कमी दिवसांत देता येतो हे सिद्ध केलं. २००८ मध्ये तीन आठवड्यांत १५ वेळा, आणि २०२० मध्ये निवडक बायकांना एका आठवड्यात ५ वेळा. दिवस कमी झाले की गावाकडच्या बाईला स्तन वाचवण्याचा पर्याय खऱ्या अर्थाने खुला होतो. हा बदल मला कुठल्याही नव्या औषधाइतका मोठा वाटतो.

काखेचा प्रश्न त्याहून जुना आणि चिवट. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या की हातातलं लसिकेचं पाणी वाहून जायची वाट बंद होते, आणि काही बायकांचा हात सुजतो. कधी महिन्याभरात, कधी दहा वर्षांनी. ही सूज मोजायची आमची रीत साधी आहे. कापडी टेपने मनगट, कोपराच्या खाली आणि वर ठरावीक अंतरावर दोन्ही हात मोजायचे. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला की उपचार सुरू करायचे. पण आमच्या टेपच्या आधी सूज कळायची ती बांगड्यांवरून. तुळशीबागेत बांगड्या भरायला गेलेली बाई सांगायची, "उजव्या हातात दोन-चारची सहज जाते, डाव्यात दोन-सहाही अडते." कासाराने साबण लावून, बोटं दाबून पाहिलेलं असायचं. काही जणींनी मग दोन मापांच्या बांगड्या घ्यायला सुरुवात केली, काहींनी सुजलेला हात मोकळाच ठेवला. हळदीकुंकवाला बाई हात पदराखाली घेऊन बसायची. मी नोंद घेताना टेपच्या आकड्यांशेजारी बांगडीचं मापही लिहायचे, कारण ऑपरेशनच्या आधी हात केवढा होता हे सांगणारा तेवढाच पुरावा बहुतेकींकडे असायचा.

काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठीच रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टाकून शोधायच्या, तपासायच्या आणि त्या स्वच्छ असल्या तर बाकीच्यांना हात लावायचा नाही, ही पद्धत नव्वदच्या दशकात पुढे आली. ब्रिटनमधल्या ॲल्मनॅक चाचणीत एक हजाराहून अधिक बायका होत्या. २००६ मध्ये तिचा निकाल आला. वर्षभरानंतर हाताची सूज सांगणाऱ्या बायका जुन्या पद्धतीत १३ टक्के, नव्या पद्धतीत ५ टक्के. या चाचणीत मुख्य मोजणी जगण्या-मरण्याची नव्हती, हाताची आणि रोजच्या आयुष्याची होती. तो निकाल वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं. आमचा प्रश्न अखेर संशोधनाच्या पहिल्या पानावर आला होता.

सुजलेल्या हाताने काही उचलू नका, असं आमची पाठ्यपुस्तकं कित्येक वर्षं सांगत होती. पाण्याची कळशी नको, मूल नको, मंडईची पिशवी नको. ज्या बाईचं घर तिच्या हातावर चालतं तिला हे कसं जमायचं? २००९ मध्ये अमेरिकेतल्या कॅथरीन श्मित्झ यांनी सूज असलेल्या १४१ बायकांची चाचणी प्रसिद्ध केली. देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्या बायकांची सूज वाढली नाही. उलट सूज चिघळण्याचे प्रसंग निम्म्यावर आले, २९ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर. हडपसरला भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. पोटासाठी त्यांनी पाटी उचलणं सोडलंच नव्हतं आणि त्यांचा हात बऱ्यापैकी राहिला होता. पट्टी कशी बांधायची, कोणत्या वजनापासून सुरुवात करायची, दुखलं तर कुठे थांबायचं, हे शिकवल्यावर त्या निर्धास्त झाल्या.

बायका सांगत होत्या आणि शास्त्र मागून येत होतं, याचं आणखी एक उदाहरण देते. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत कातडीखाली ताणलेली तार दिसते. हात वर केला की ती दोरीसारखी उठते आणि खेचते. "काखेत तार ओढल्यासारखं होतंय" हे मी अगदी सुरुवातीपासून ऐकत आले. वैद्यकीय नियतकालिकात याचं नीट वर्णन होऊन त्याला नाव मिळालं ते २००१ मध्ये. हलक्या हाताने ताण देत गेलं की ती तार बहुधा काही आठवड्यांत विरते, पण आधी तिच्यावर विश्वास ठेवणारं कुणी लागतं.

विश्वास ठेवण्याची पद्धतशीर रीत म्हणजे प्रश्नावली. युरोपातल्या कर्करोग संशोधकांच्या संघटनेने १९९३ मध्ये ३० प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. १९९६ मध्ये खास स्तनाच्या कर्करोगासाठी २३ प्रश्नांची पुरवणी जोडली. गेल्या आठवड्यात खांदा दुखला का, हात सुजला का, हात वर किंवा बाजूला नेताना त्रास झाला का, स्वतःच्या शरीराकडे बघणं अवघड गेलं का. उत्तरं चार, अजिबात नाही पासून खूप पर्यंत. टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वाणी परमार आणि सहकाऱ्यांनी ती हिंदीत आणि मराठीत आणून, इथल्या बायकांवर पारखून, २००५ मध्ये प्रसिद्ध केली. मराठी बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत, ठरलेल्या प्रश्नांनी, 'तू कशी आहेस' असं विचारण्याची ती सुरुवात होती.

विचारण्याचंही एक तंत्र असतं. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर सगळी उत्तरं 'अजिबात नाही' अशीच येतात. नवऱ्याला चहाला पाठवलं, पडदा ओढला आणि हाताला तेल लावता लावता विचारलं की खरं बाहेर पडतं. जवळिकीच्या प्रश्नांवर बहुतेक जणी गप्प राहायच्या. पण त्या गप्प राहण्यातही सांगणं असायचं. सदाशिव पेठेतल्या एक शिक्षिका मला म्हणाल्या, शाळेत फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येत नाही म्हणून त्या फळ्याच्या मध्यापासून लिहायला लागल्या. मुलांच्या लक्षात आलं, मुख्याध्यापिकांच्या आलं नाही. त्यांच्या घरी भिंतीवर मी पेन्सिलीने खुणा करून दिल्या. रोज सकाळी बोटं भिंतीवर चढवायची, जिथवर जातील तिथे रेघ मारून तारीख घालायची. सहा आठवड्यांत रेघा खांद्याच्या उंचीपासून दाराच्या चौकटीच्या वर गेल्या. भिंतीला रंग देताना त्यांनी तेवढा पट्टा सोडायला लावला.

स्तन गेल्यावर ब्लाऊजचं काय करायचं, हेही बायकांनीच सोडवलं. सिलिकॉनचं बनावट अंग महाग. घामाने कातडी चिघळायची. मग सुती कापडाची पुरचुंडी शिवायची, तिच्यात थोडा कापूस आणि वजनाला मोहरी किंवा बाजरी भरायची. वजन महत्त्वाचं, कारण एकाच बाजूला भार राहिला की पाठ वाकडी होते आणि मान धरते. ब्लाऊजचं हूक पुढे घ्यायचं, आतून खिसा लावायचा, ऑपरेशनच्या बाजूची बाही सैल ठेवायची. हे माप घेणाऱ्या शिंपीणबाई आमच्या विभागाच्या यादीत असायच्या, आणि त्यांचा फोन नंबर मी कुठल्याही औषधाच्या नावाइतक्या काळजीने जपायचे.

आजार घेऊन जगणं म्हणजे काय, हे पुण्याने डॉ. सुनंदा अवचट यांच्यात पाहिलं. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या सुनंदाताईंनी १९८६ मध्ये पती अनिल अवचटांसोबत मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारलं. पुढे त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. आजारपणातही त्या केंद्रातल्या माणसांसाठी काम करत राहिल्या. १९९७ मध्ये त्या गेल्या. अवचटांनी या काळाविषयी मोकळेपणाने लिहिलं आणि मराठी घरांत हा आजार उघड बोलण्याचा झाला. त्याच वर्षी वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर सुरू झालं. ज्यांचा आजार बरा होणार नाही त्यांचं दुखणं कमी करायचं, घरच्यांना शिकवायचं, आणि हे सगळं विनामूल्य. आयुष्याची लांबी आपल्या हातात नसेल तेव्हाही त्याची प्रत असते, हे या शहराने तिथे शिकून घेतलं.

पुण्याचा स्तनाच्या कर्करोगावरच्या संशोधनाशीही संबंध आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या सिस्टर कॅथरीन फ्रान्सिस या जोगिणीचं १९७० मध्ये स्तनाच्या कर्करोगाने निधन झालं. त्यांच्या छातीतल्या पाण्यातून वाढवलेल्या पेशी एमसीएफ-७ नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत आजही जिवंत आहेत. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहात त्या आहेत आणि तिथून देशभर जातात. टॅमॉक्सिफेनसारखी गोळी काम कशी करते, हे अशा पेशींवरच तपासलं गेलं. ती गोळी बायका पाच-पाच, दहा-दहा वर्षं घेतात. प्रशांती कॅन्सर केअर मिशनने स्तन वाचवून त्याचा आकार सावरणाऱ्या शस्त्रक्रियेचं काम इथे रुजवलं आणि आयसर पुणेबरोबर भारतीय बायकांच्या गाठींवर संशोधन हाती घेतलं.

योगाचंही तसंच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि इथेच त्यांची दोर, पट्टे, लाकडी ठोकळे वापरण्याची पद्धत घडली. लॉस एंजेलिसमध्ये जुलियन बोअर यांनी उपचारांनंतर वर्षानुवर्षं थकवा न गेलेल्या ३१ बायकांवर अय्यंगार पद्धतीची १२ आठवड्यांची चाचणी घेतली. २०१२ मध्ये निकाल आला. योग करणाऱ्यांचा थकवा लक्षणीय कमी झाला होता. मॉडेल कॉलनीच्या एका गल्लीत वाढलेली ही रीत इतक्या दूरच्या बायकांच्या कामी आली, आणि इथल्या काही बायकांना अजूनही "आराम करा" एवढंच ऐकून घरी जावं लागतं, हे मला बोचतं.

२०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्याने निघाल्याचा जागतिक अंदाज आहे. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षं जगणाऱ्या आपल्याकडे १०० मागे ६६, अमेरिकेत ९०. हे अंतर कमी करायलाच हवं. त्यासाठी गाठ लवकर सापडायला हवी. मुंबईत १९९८ पासून दीड लाख बायकांवर झालेल्या चाचणीने दाखवलं की दहावी शिकलेल्या, नीट प्रशिक्षण दिलेल्या बायका घरोघरच्या स्त्रियांना हाताने तपासू शकतात, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत त्यामुळे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतात. २०१३ च्या अखेरीपासून राज्य सरकारच्या आरोग्य योजनेत पुण्यातल्या गरीब बाईचं ऑपरेशन, केमो आणि शेक होऊ लागला. म्हणजे जगणाऱ्या बायका वाढत जाणार. त्यांची पुढची वीस-तीस वर्षं हा आता वैद्यकाचा मुख्य विषय असायला हवा.

म्हणून माझं एक मागणं आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी प्रत्येक बाईचे दोन्ही हात मोजा, म्हणजे पुढे सूज आली तर अंदाज करत बसावं लागणार नाही. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा मोजा आणि मराठी प्रश्नावली तिच्याशी एकटीशी बसून भरा. ऑपरेशनच्या खर्चात फिजिओथेरपीचे दिवस धरा. आणि कर्करोगाच्या नोंदणीत निदानाच्या आणि मृत्यूच्या तारखेमध्ये एक रकाना घाला: हात वर जातो का? तो भरायला मोठं यंत्र लागत नाही. एक टेप, पंधरा मिनिटं आणि विचारणारं माणूस लागतं. पुण्यात ही तिन्ही आहेत.